ज्याचं त्याचं

फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावचं 22 दिवसांचं एक बाळ दवाखान्यात आलं. त्याला श्वासाचा त्रास होता. तपासताना त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे 65 चटके आढळले. मेळघाटात या प्रकाराला डंबा म्हणतात. पोट फुगलं, बाळ रडायचं थांबेना, धाप लागली, की डंबा द्यायचा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपचार आहे, आणि तो देणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. उलट बाळ वाचावं हीच इच्छा असते. पुढे गुन्हा नोंदवला गेला, बातम्या आल्या, अमरावतीपासून मुंबईपर्यंत हळहळ झाली. माझा प्रश्न बातमीच्या अलीकडचा आहे. हे उघडकीस कसं आलं? बाळाला चटके दिले जात असताना ते घर रिकामं नव्हतं. वाडीत माणसं होती, भिंती कुडाच्या होत्या, आणि 65 वेळा चटका बसलेल्या बाळाचं रडणं चार घरं ओलांडून गेलंच असणार. तरीही ही गोष्ट जगाला कळली ती धाप तपासणाऱ्या दवाखान्यामुळे, म्हणजे भलत्याच कामासाठी बाळाच्या अंगाला हात लावणाऱ्या माणसांमुळे.

अशी प्रकरणं एकमेकांशेजारी ठेवून पाहिली की हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूरच्या बेसा भागातल्या एका वसाहतीत दहा-बारा वर्षांची घरकामाची मुलगी कोंडलेली सापडली. मालक मंडळी बंगळुरूला गेली होती आणि मुलीच्या अंगावर भाजल्याच्या खुणा होत्या. ती सापडली, कारण विजेचं बिल थकलं होतं आणि महावितरणची माणसं जोडणी तोडायला आली होती. ऑस्ट्रियातल्या आमश्टेटन गावात बापानं मुलीला 24 वर्षं तळघरात डांबून ठेवलं होतं. 2008 मध्ये ते कळलं ते तळघरात जन्मलेली एक मुलगी मरणासन्न अवस्थेत इस्पितळात न्यावी लागली आणि डॉक्टर तिच्या आईची चौकशी करू लागले म्हणून. वीज तोडणारा, नाडी पाहणारा, अशा कुणाही माणसाला त्या घराचं गुपित शोधायचं नव्हतं. त्यांना फक्त आपलं काम करायचं होतं आणि कामासाठी उंबरठा ओलांडायचा होता. गोव्यात कांदोळीला जुलै 2017 मध्ये एका अंधाऱ्या खोलीतून पन्नाशीची बाई बाहेर काढली गेली. तिचं वागणं बिघडलं म्हणून माहेरच्यांनीच तिला पंधरा-वीस वर्षं कोंडून ठेवलं होतं. तिच्याबाबत मात्र कुणीतरी मुद्दाम ‘बायलांचो साद’ या संस्थेला कळवलं आणि संस्थेनं पोलिसांना. म्हणजे जाणीवपूर्वक तोंड उघडणारं माणूस असतं, नाही असं नाही. पण त्या एका निरोपाला पंधरा-वीस वर्षं लागली.

कधी पीडितच दार उघडतं. अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या काजीखेडचं ऑगस्ट 2024 मधलं प्रकरण घरातलं नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेतलं आहे. पण शाळेत शिक्षकाचं स्थान घरातल्या वडीलधाऱ्यासारखंच असतं. तिथे आठवीच्या मुलींनी शिक्षकाकडून होणारा छळ बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवला, बालकल्याण समितीची माणसं शाळेत पोचली आणि शिक्षकाला अटक झाली. हे धैर्य मोठं आहे, पण ते नेहमीचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयोगटातल्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या दर चार बायकांपैकी एकीनं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली ती फक्त 14 टक्क्यांनी; सुमारे 77 टक्के बायकांनी मदत मागितली नाही आणि कुणाजवळ शब्दही काढला नाही. शब्द न काढलेल्या बायका याच गावांत, याच गल्ल्यांत राहतात. त्यांच्या भिंतीला भिंत लागून कुणीतरी राहतं. तेव्हा घरातला छळ ‘लपलेला’ असतो असं म्हणताना आपण जरा सोयीचं बोलतो. बहुतेक वेळा तो कुणाला ना कुणाला ठाऊक असतो. ठाऊक असूनही त्या ठाऊक असण्याचं काही देणं आपल्याला लागतं असं त्या माणसाला वाटत नाही. म्हणून हा मुद्दा पोलिसी शोधाचा जितका आहे, त्याहून अधिक धर्माचा आहे: दुसऱ्याच्या घरातलं दुःख कळलं, तर त्या कळण्यानं माझ्यावर काही बंधन येतं का?

वऱ्हाडात या प्रश्नाचं तयार उत्तर आहे. ‘जाऊ द्या न बापा, त्याइच्या घरचं त्याइले माहीत.’ या वाक्यात भित्रेपणा असेल, आळसही असेल, पण त्यावर धर्माचं पांघरूण असतं, आणि ते पांघरूण उलगडून पाहायला हवं. पहिला पदर कर्माचा. तिचे भोग आहेत, मागच्या जन्मीचं देणं आहे, ती फेडते आहे. आपण मध्ये पडणारे कोण? कर्मसिद्धांत खरा की खोटा या वादात मी इथे शिरत नाही. तो खरा आहे असंच धरून चालू. तरीही त्यातून गप्प बसण्याचा निष्कर्ष निघत नाही. तिचा छळ तिच्या कर्माचं फळ असेल, तर कुणी येऊन तिची सुटका करणं हेही तिच्या कर्माचंच फळ असू शकतं. त्या सिद्धांताला दोन्ही सारखंच चालतं. शिवाय कुणाच्या वाट्याला नेमकं कुठलं फळ आणि किती काळ, हे पाहायला मागचे जन्म दिसावे लागतात, आणि तशी दृष्टी असल्याचा दावा शेजारी करत नाही. स्वतःची दाढ ठणकली तर तो भोग म्हणून अंगावर काढत नाही, सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर जाऊन बसतो. कर्माचा विचार माणसाला स्वतःच्या दुःखाकडे पाहण्यासाठी दिला गेला: कडवट होऊ नको, सूडानं पेटू नको, उद्याचं कर्म नीट कर. तो स्वतःवरून उचलून दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला की त्याचं सांत्वन संपतं आणि ते एक निकालपत्र होतं. साक्षीभावाचंही तसंच. आपल्याच मनातल्या खळबळीकडे अलिप्तपणे पाहायला शिकवणारा तो अभ्यास आहे. पलीकडच्या खोलीतल्या किंकाळीकडे अलिप्तपणे पाहायला कुठल्याही आचार्यांनी सांगितलेलं नाही. आणि गप्प बसणं हेही कर्मच आहे ना? त्याचं फळ कुणाच्या खाती जमा होतं, हा हिशेब या युक्तिवादात कुणी मांडत नाही.

दुसरा पदर घराच्या पावित्र्याचा. कुळाची अब्रू, घरची गोष्ट घरात, उंबरठ्याच्या आत परक्याची नजर नको. ही भावना मी हलक्यानं घेत नाही. ज्या घराला आडोसा नाही तिथे माणूस जगू शकत नाही. पण गृहस्थाश्रमाला आपल्या परंपरेनं जो मान दिला तो कशासाठी, हे पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत अतिथीला जेवू घालणं हा एक यज्ञ आहे आणि मुक्या प्राण्यांसाठी घास काढून ठेवणं हा दुसरा. संन्यासी, विद्यार्थी, वाटसरू हे सगळे गृहस्थाच्या दारावर जगतात म्हणून तो आश्रम श्रेष्ठ मानला गेला. म्हणजे शास्त्रातलं घर हे दार उघडं असलेलं घर आहे. परक्याचं पाऊल तिथे विटाळ करत नाही. ते पाऊल पडलं नाही तर गृहस्थाचा धर्मच अपुरा राहतो. ज्या घरात आल्यागेल्याला ओसरीवरूनच परत लावलं जातं, सुनेला माहेरचं माणूस भेटू दिलं जात नाही, पोर महिनोन्‌महिने शाळेत दिसत नाही आणि विचारलं तर मामाच्या गावाला गेल्याचं सांगतात, ते घर आपल्या परंपरेच्याच मापानं आश्रम उरलेलं नसतं. मग त्याच्या पावित्र्याचा दाखला कशाच्या बळावर द्यायचा? भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा वऱ्हाडातलं घर न्‌ घर उघडं होतं, पंगती उठतात, आंबिलीचे वाडगे फिरतात. त्या दिवशी आतल्या खोलीला कुलूप का, एवढं विचारण्याइतकी ओळख वर्षानुवर्षं जेवून जाणाऱ्यांपाशी नक्की असते. पण जेवणाऱ्यानं ताटाकडे पाहावं, असा आपला शिष्टाचार.

हा शिष्टाचार मोडणारा माणूस याच मातीत होऊन गेला. गाडगेबाबांचा जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वाढले ते मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात. सावकारानं घरची जमीन कशी गिळली हे त्यांनी तिथे पाहिलं. त्यांच्या खराट्याचं कौतुक आपण भरपूर केलं, पण त्यांच्या कीर्तनाची रीत मला त्याहून महत्त्वाची वाटते. ते उपदेश करत नसत, विचारत. समोरच्या गर्दीतल्या एखाद्याला धरून विचारत: कर्ज काढून बारसं का घातलं, दारूला पैसे आहेत आणि पोराच्या पाटीला नाहीत हे कसं, देवाला बकरं लागतं हे तुला कुणी सांगितलं. कर्ज, दारू, सोयरीक, पोराची शाळा, हे सगळे चुलीजवळचे विषय. ते त्यांनी चव्हाट्यावर आणले आणि देवाच्या नामगजरात आणले. ऐकणारा रागावला नाही, कारण विचारणाऱ्याच्या हातात सत्ता नव्हती, डोक्यावर खापर आणि अंगावर चिंध्या होत्या. घरातली गोष्ट विचारणं हा भक्तीचाच भाग असू शकतो हे त्यांनी दाखवलं. आणि हे करणारा माणूस स्वतः 1905 मध्ये घर सोडून निघालेला होता, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त गाव हाच देव मानून त्याची पूजा सांगितली, त्या पूजेत घरातल्या बाईच्या स्थितीचा स्वतंत्र विचार आहे. आज मोझरीला त्यांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत लाखो लोक जमतात, मौन श्रद्धांजली वाहतात, शिस्तीत परत जातात. गावाला देव म्हणणाऱ्याला गावातल्या बंद खोलीचं काय, हा प्रश्न तिथून घरी नेणारे किती असतील, सांगवत नाही.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा: गावाचे डोळे कमी आहेत असं तुम्हाला वाटतं? ते आधीच फार आहेत. कोण कुणाबरोबर बोलते, कोण कुठल्या जातीत लग्न करते, विधवेच्या घरी रात्री कोण आलं, यावर गावाची नजर असतेच. शेजाऱ्याला चौकशीचा अधिकार दिला तर तो पहिल्यांदा तरुण मुलींच्या मागे लागेल. हा आक्षेप कल्पनेतला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये अमरावतीतून 19 वर्षांची एक तरुणी निघून गेली, तेव्हा तत्कालीन खासदारांनी राजापेठ पोलीस ठाण्यात जाऊन ‘लव्ह जिहाद’चा आरोप केला, शहर तापलं. मुलगी साताऱ्यात सापडली आणि घरच्यांवर रागावून आपण एकटीच निघाल्याचं तिनं सांगितलं. चिखलदऱ्याच्याच रेट्याखेडा गावात 30 डिसेंबर 2024 ला 77 वर्षांच्या म्हातारीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, तिची धिंड काढली गेली, आणि आरोपींमध्ये गावचा पोलीस पाटीलही होता. ज्याच्याकडे गावातली खबर ठाण्याला पोचवण्याचं काम कायद्यानं सोपवलं आहे, तोच माणूस. तिथे गाव हेच कोंडणारं घर झालं होतं, आणि घरचे लोक बाहेरून येऊन तक्रारीला उभे राहिले म्हणून ते कळलं. तेव्हा ‘समाजानं लक्ष घालावं’ असं मोघम सांगून भागत नाही हे मान्यच करायला हवं. लक्ष कुणाच्या बाजूनं घालायचं हे आधी ठरायला हवं. माझी कसोटी अशी आहे की माझ्या विचारपुशीनं त्या माणसाच्या पुढच्या वाटा वाढतात की कमी होतात ते पाहावं. निघून गेलेल्या मुलीला ओढून परत आणणारी विचारपूस वाटा कमी करते. कोंडलेल्या बाईला ‘तुम्हाला कुणाशी बोलायचं आहे का’ असं एकांतात विचारणारी विचारपूस वाटा वाढवते. सज्ञान बाई ‘मला बोलायचं नाही’ म्हणाली तर तिचा शब्द शेवटचा. तो ऐकण्याचा संयम नसलेल्यानं या कामात पडू नये. मूल असेल किंवा स्वतःसाठी बोलता न येणारं माणूस असेल, तर मात्र हा संयम आपल्याच सोयीचा होतो.

दुसरा आक्षेप खोट्या संशयाचा. भांडणाचा आवाज आला म्हणून कळवलं आणि निघालं काही नाही, तर एका भल्या घराची बेअब्रू होईल. हे भय योग्य आहे, पण त्यात कळवणं आणि दोष देणं यांची गल्लत आहे. अपराध झाला की नाही हे ठरवण्याचं काम शेजाऱ्याला कुणी दिलेलंच नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की हिंसा झाली, होत आहे किंवा होईल असं मानायला कारण असलेली कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्‌भावनेनं कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. बालकांच्या लैंगिक छळाच्या बाबतीत 2012 चा पॉक्सो कायदा आणखी पुढे जातो. तिथे कळवणं ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, आणि माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याच विदर्भातल्या चंद्रपूर जिल्ह्यात, राजुऱ्याच्या शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं पोलिसांना न कळवल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. उच्च न्यायालयानं रद्द केलेला गुन्हा 2 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा उभा केला आणि न कळवणं हा गंभीर अपराध असल्याचं बजावलं. कायद्याची ही वाट मला धार्मिक विचाराशीही सुसंगत वाटते. दुसऱ्याचं पाप ठरवण्याचा अधिकार माणसाला नाही, हे सगळ्याच परंपरा सांगतात. निवाडा न करता दुःखाची खबर पुढे देणं या मर्यादेत बसतं. उलट पानाच्या ठेल्यावर त्या घराची कुजबुज करणारा माणूस निवाडाही करतो आणि खबरही देत नाही. बेअब्रू तिथे होते. 112 वर लावलेल्या फोननं ती होत नाही.

तिसऱ्या आक्षेपाजवळ मला थांबावं लागतं, कारण त्याच्यापुढे माझा युक्तिवाद तितका ताठ उभा राहत नाही. कोंडणारे सगळेच राक्षस नसतात. मनोरुग्ण मुलाला साखळीनं बांधणारी विधवा आई सकाळी निंदणाला जाते. सोडलं तर तो विहिरीकडे पळतो, बांधलं तर निदान संध्याकाळी जिवंत सापडतो. तिच्याविरुद्ध कुणी काय कळवायचं? तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानात 6 ऑगस्ट 2001 ला आग लागली तेव्हा साखळदंडांत अडकलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तिथे आणून सोडणारे बहुतेक नातेवाईक श्रद्धेनं आणि थकव्यानं आलेले होते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी पूर्णपणे मना केली. त्याच कायद्याच्या 101 व्या कलमानुसार, सांभाळणाऱ्यांकडूनच मनोरुग्णाची आबाळ किंवा छळ होत असल्याचं मानायला कारण असेल तर ते ठाणेदाराला कळवायचं आणि ठाणेदारानं दंडाधिकाऱ्याला. शेजाऱ्यावर इतकं स्पष्ट कर्तव्य टाकणारं कलम असूनही ते गावात कुणाला माहीत नसतं, आणि माहीत असतं तरी ती आई अकोल्याची असेल तर तिला सर्वांत जवळचं सरकारी मनोरुग्णालय अडीचशे किलोमीटरवर नागपुरात आहे. साखळी तोडून तिच्या हाती काय द्यायचं, याचं उत्तर नसेल तर कळवणाऱ्याला आपण दगलबाज ठरू असं वाटणं स्वाभाविक आहे. सिमोरीच्या घराचंही तेच. डोंगरातल्या वाडीला भूमका, म्हणजे गावठी उपचार करणारा, हाकेच्या अंतरावर असतो, डॉक्टर नसतो. मेळघाटातल्या बैरागडला डॉक्टर कोल्हे दांपत्यानं आयुष्य काढलं तेव्हा कुठे आसपासच्या कोरकू आयांना मूल कुणाकडे न्यायचं याचा दुसरा पर्याय दिसला. तरीही मी एवढं म्हणेन की घरच्यांची लाचारी ही गप्प बसण्याच्या बाजूची साक्ष नव्हे. ती लवकर बोलण्याच्या बाजूची आहे. साखळी पडायच्या आधी त्या आईला निंदणाच्या दिवसात मुलाजवळ बसणारं एक माणूस हवं होतं, जिल्हा रुग्णालयातून दर महिन्याच्या गोळ्या हव्या होत्या. तेव्हा विचारलं असतं तर ती विचारपूस मदत ठरली असती. दहा वर्षांनी तीच पंचनामा होते.

न्यूयॉर्कमध्ये 1874 साली वस्तीत फिरणाऱ्या एका धर्मसेविकेनं दहा वर्षांच्या मुलीचा छळ उघड केला. भिंतीपलीकडे क्षयानं अंथरुणाला खिळलेली एक बाई होती. मुलीचं रडणं तिनं ऐकलं होतं. पोलीस आणि धर्मादाय संस्था ‘घरची बाब’ म्हणून मागे सरले, म्हणून त्या सेविकेनं प्राण्यांवरची क्रूरता थांबवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला गाठलं, कारण मुलांसाठी तशी संस्थाच नव्हती. ती त्यानंतर स्थापन झाली. आपल्याकडे क्रमांक आहेत, कलमं आहेत, समित्या आहेत. सेविका कमी आहेत असंही नाही, कारण आशा आणि अंगणवाडी ताई महिन्यातून किती उंबरठे ओलांडतात याची मोजदाद त्यांच्याच वहीत असते. त्या वहीत वजन, लस, गरोदरपण यांचे रकाने आहेत. घरातलं कुणी दिसलं नाही, याचा रकाना नाही. मानधनावर राबणाऱ्या बाईनं गावातल्या वजनदार घराविरुद्ध तोंड उघडावं आणि मग त्याच गावात एकटीनं राहावं, अशी अपेक्षा करणं मला अन्यायाचं वाटतं. म्हणून तिनं दिलेली खबर कुणाच्या नावावर जाते, हे ठरवणं मोठ्या उपदेशांहून जास्त उपयोगाचं आहे.

आणि मग उरतं ते बाहेर आलेल्या माणसाचं. बातमी दोन दिवस टिकते, कोंडलेल्याचं आयुष्य त्यापुढे चाळीस वर्षं असू शकतं. शंकरबाबा पापळकरांनी परतवाड्याजवळ वझ्झरला जी शंभरावर बेवारस, बहुतांशी अपंग आणि मतिमंद मुलं सांभाळली, ती रेल्वे स्थानकांवर, उकिरड्यांवर, बस थांब्यांवर सापडलेली. बाबांनी आधार कार्डापासून मतदार यादीपर्यंत बाप म्हणून स्वतःचं नाव लावलं. त्यातल्याच एका अंध मुलीनं 2024 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली आणि त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. या मुलांना निदान टाकून दिलं गेलं, म्हणून ती कुणाच्या तरी नजरेस पडली. तशीच मुलं ज्या घरांत अब्रूपायी आतच ठेवली गेली, ती वझ्झरपर्यंत पोचलीच नाहीत. बाबांची वर्षानुवर्षांची एक मागणी आहे: अशी मुलं 18 वर्षांची झाली की बालगृहाचा कायदा त्यांना बाहेर काढतो, तो बदला, त्यांना आयुष्यभर राहण्याचा हक्क द्या. दरवर्षी असंख्य मुलं अशी वयात येतात आणि पुढे कुठे जातात याची नोंद कुणाकडे नसते, हे त्यांचं गाऱ्हाणं आहे. कोंडलेल्या खोलीचं कुलूप उघडणाऱ्याला नेमका हाच प्रश्न पहिल्या रात्री पडतो, आणि ‘जाऊ द्या न बापा’ म्हणणाऱ्याच्या मनातही, भीती आणि आळस वजा केल्यावर, बरेचदा तोच असतो: सोडवलं, तर नेऊन ठेवायचं कुठे? धर्मानं शेजाऱ्याला बोलतं केलं तरी या प्रश्नाचं उत्तर शेजाऱ्याकडे नाही. ते अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयांकडून, आरोग्य खात्याकडून आणि मुंबईतल्या विधिमंडळाकडूनच यायचं आहे, आणि वझ्झरच्या मागणीचा कागद तिथेच पडून आहे.